चोवीस चाळण्यांवरचे आठ पट्टे

टेबलावर चोवीस चाळण्या होत्या. चोवीसही पितळी कड्यांच्या, वीस सेंटिमीटर व्यासाच्या, आणि जाळी इतकी बारीक की मिठाचा कणसुद्धा वरच अडून बसावा. शेजारच्या लॅपटॉपवर त्यांचे चोवीस फोटो होते. फोटोत नुसती राखाडी जाळी दिसायला हवी होती. तिथे प्रत्येक चाळणीवर नारिंगी पट्टे उमटले होते, आणि दोन नारिंगी पट्ट्यांच्या मधली जागा निळी. धाकटीने पहिल्या फोटोतले पट्टे मोजले. उभे आठ, आडवे आठ. दुसऱ्यात उभे आठ, आडवे आठ. तिसऱ्यातही तेच.

"मोजून काय होणार आहे?" दादा म्हणाला. "प्रयोगशाळेवाल्यांचं मोजून झालं, फोन करून झालं, आपली अब्रूही काढून झाली."

"आपण जाळी विणली होती ना रे? मग ही चौकड्यांची चादर कुणाची?" आत्याने सोल्डरिंगची कांडी स्टँडवर ठेवत विचारलं. बाबांनी विणलेली जाळी पितळी कड्यात ताणून पक्की करायचं काम तिचं. वाईट बातमीवर विनोद करायचं कामही तिचंच.

फोन सकाळी आला होता. चाळण्या ज्या प्रयोगशाळेत जायच्या होत्या तिथल्या तपासनीस बाईंचा. माल उचलण्याआधी प्रत्येक चाळणीचा फोटो पाठवायचा, असा त्यांचा नवा नियम. दादाने त्यासाठी चांगला भारीतला कॅमेरा आणला, फोटो काढले, पाठवले. बाई म्हणाल्या, "काका, चोवीसही चाळण्यांत एकसारख्या लाटा आहेत. वीण कुठे सैल, कुठे घट्ट झाली आहे. एखाद्या चाळणीत असतं तर समजू शकले असते, पण सगळ्यांत म्हणजे दोष मागातच आहे. नकार लिहायचा तर सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं, म्हणून दुपारी येऊन जाते."

बाबांनी वाद घातला नाही. हीच गोष्ट धाकटीला सगळ्यात जास्त लागली. तारेच्या दुकानदाराशी एका रिळासाठी तासभर भांडणारा माणूस, तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. मग मागाजवळ गेला. मागावर सोळाशेहून जास्त उभ्या तारा ताणलेल्या होत्या, प्रत्येक केसाहून बारीक. त्या फणीतून एकेक ओवायला दोघांना महिना लागायचा. बाबांनी खिळ्यावरची तार कापायची पक्कड काढली आणि खिशात टाकली.

"बाई येऊन गेल्या की हा उभ्या तारांचा ताणा कापतो," ते म्हणाले. "डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाच म्हटलं होतं. ज्या दिवशी वीण बिघडेल त्या दिवशी थांबायचं. उगाच लोकांच्या गळ्यात वाकडा माल मारायचा नाही."

"अहो भाऊ, पण डोळे आता माझ्यापेक्षा चांगले आहेत तुमचे!" आत्या म्हणाली.

"डोळे असतील. हात गेला."

आणि ते खिडकीपाशी पाठ करून बसले. ताणा एकदा कापला की तो पुन्हा कोण भरणार, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

धाकटी पदार्थविज्ञानाची परीक्षा देऊन नुकतीच घरी आली होती. निकाल लागला होता, नोकरी लागली नव्हती, त्यामुळे घरात तिच्या मताला किंमत अर्धी होती. पण एकसारख्या लाटा हे शब्द तिच्या डोक्यातून जाईनात. बाबांचा हात थरथरला असेल तर तो चोवीस वेळा अगदी तसाच कसा थरथरेल? आठ म्हणजे आठच? थरथरण्यालासुद्धा इतकी शिस्त?

"दादा, फोटो काढताना कॅमेरा कुठे होता?"

दादाची मान जरा ताठ झाली. "सिंहासनावर."

सिंहासन म्हणजे बाबांनी बनवलेली लाकडी चौकट. खाली दिव्यावर दुधी काच, काचेवर चाळणीचं कडं नेमकं बसेल अशी खाच, काचेवर दोन काळ्या रेघा, त्यांना जाळीच्या तारा समांतर लावायच्या. वर साठ सेंटिमीटरवर कॅमेरा चार स्क्रूंनी आवळलेला, तोंड खाली. या घरात भिंतीवर घड्याळ लावायचं तरी आधी ओळंबा सोडत. फोटोचं काम आलं तेव्हा घरातल्या कुणीच कॅमेरा हातात धरून खटाखट फोटो काढले नाहीत. बाबांनी दोन दिवस रंधा मारला.

"चोवीस चाळण्या बदलल्या," दादा म्हणाला, "पण कॅमेरा केसभर हलू दिला नाही. श्वाससुद्धा हळू घेत होतो."

धाकटी त्याच्याकडे बघतच राहिली. मग टुणकन उठली.

"स्क्रू ड्रायव्हर कुठे आहे?"

"ए बाई! सिंहासनाला हात लावायचा नाही!"

"दादा, चोवीस फोटोंत सारखं काय आहे? बाबांचा हात सारखा आहे, बरोबर. पण कॅमेऱ्याची जागाही सारखीच आहे! तू थोडा वेंधळा असतास ना, हातात धरून, कधी जवळून, कधी लांबून फोटो काढले असतेस, तर प्रत्येक फोटोत पट्टे वेगळे आले असते आणि कुणीही कॅमेऱ्यावरच संशय घेतला असता. आपण चोर सोडून संन्याशाला फाशी देतोय!"

"म्हणजे माझा नीटनेटकेपणा नडला?"

"अति तिथे माती," आत्या म्हणाली. "दे तिला स्क्रू ड्रायव्हर."

आधी धाकटीने स्क्रूला हात लावलाच नाही. सतरावी चाळणी खाचेत ठेवली आणि बोटाने किंचित फिरवली, रेघेपासून जेमतेम नखभर. फोटो काढला. लॅपटॉपवर चित्र उघडलं. आठ पट्ट्यांच्या जागी तिरक्या बारीक पट्ट्यांची दाटी झाली होती.

"जाळी मी नखभर फिरवली," धाकटी म्हणाली, "आणि पट्टे बघा कुठल्या कुठे गेले. दोष जाळीत असता तर तोही नखभरच फिरायला हवा होता. कापडावरचा डाग कापडाबरोबर फिरतो!"

"आता वर-खाली कर," दादा म्हणाला. आता त्यालाही चढली होती. स्वतःच स्क्रू सैल करायला धावला.

एक मिलिमीटर जाडीचे पुठ्ठ्याचे तुकडे कापले. चाळणी पुन्हा रेघेत नीट लावली. कॅमेऱ्याखाली एक पुठ्ठा सरकवला, म्हणजे कॅमेरा एक मिलिमीटर वर गेला. फोटो. पट्टे पाच आणि एकाचा थोडा तुकडा. दुसरा पुठ्ठा. पट्टे अडीचच्या जवळपास, रुंद, लोळत पडल्यासारखे. तिसरा पुठ्ठा सरकवताना दादाचे हात इतके घाईत होते की आत्याने त्याला पाठीत धपाटा घातला. फोटो.

जाळी राखाडी होती. कडेपासून कडेपर्यंत, स्वच्छ राखाडी.

"गेले!" धाकटी ओरडली. "बाबा, गेले! तीन मिलिमीटरमध्ये सगळे पट्टे गेले!"

बाबांनी मान वळवली, पण उठले नाहीत.

"चौथा घाल, चौथा घाल," दादा म्हणाला. चौथ्या पुठ्ठ्याला पट्टे परत आले, अडीच. दोघं लहानपणी पतंग कापला गेल्यावर ओरडत तसे ओरडले.

"अरे पण हे रंग येतात कुठून ते तरी सांगा," आत्या म्हणाली. "जाळीला रंग नाही, दिव्याला रंग नाही."

धाकटीने कोपऱ्यातल्या डब्यातून उरलेल्या जाळीचे दोन तुकडे काढले, एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या उजेडात धरले. दोन तुकड्यांत मोठ्या काळसर लाटा डुलायला लागल्या. वरचा तुकडा जरा सरकवला की लाटा भर्रकन पळत.

"हात्तिच्या!" आत्या म्हणाली. "हे तर आम्ही जन्मभर बघतोय. दोन चाळण्या एकावर एक ठेवल्या की पाणी हलल्यासारखं दिसतंच. त्यात नवल ते काय?"

"आत्या, कॅमेऱ्याच्या पोटातही जाळीच आहे! उजेड मोजणारे बारीक बारीक कप्पे, ओळीने. ते म्हणजे पिक्सेल. आपली जाळी आणि त्याची जाळी, दोन एकावर एक पडल्या. आणि त्याच्या कप्प्यांना रंग वाटून दिलेले असतात. आडवं बघत गेलं तर लाल रंग टिपणारा कप्पा एक सोडून एक, निळा मधल्या ओळीत. लाल कप्प्यांसमोर नेमकी छिद्रं आली की निळ्यांसमोर तारा येतात, तिथे नारिंगी दिसतं. पुढे उलटं होतं, तिथे निळं. बिचारी जाळी राखाडीच असते."

"मग सगळ्याच फोटोंत असं का होत नाही?" दादाने विचारलं. "तुझे फोटो काढले तेव्हा तर तू नारिंगी नव्हतीस."

"माझ्या अंगावर इतक्या बारीक तारा नाहीत म्हणून! आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत कप्प्यांपुढे एक किंचित धूसर करणारी काच असते. ती अशी बारीक वीण पुसून टाकते. तू आणलेल्या भारी कॅमेऱ्यात ती मुद्दाम ठेवलेली नाही, म्हणजे फोटो जास्त धारदार येतो."

"म्हणजे कॅमेरा भारी घेतला हाही माझाच गुन्हा," दादा म्हणाला. "लिहून ठेव."

तिघं हसत असतानाच बाबा उठून टेबलापाशी आले. त्यांनी राखाडी फोटो बघितला, बराच वेळ बघितला.

"कॅमेरा हलवला आणि पट्टे गेले," ते म्हणाले.

"हो ना!"

"चष्मा काढला की मलाही भिंतीवरचा डाग दिसत नाही. म्हणून डाग जातो का?"

धाकटीने हातातले जाळीचे तुकडे खाली ठेवले.

"पट्टे कॅमेऱ्याचे, हे पटलं. पण जाळी चांगली आहे, हे कुठं दिसलं? नाचता येईना, अंगण वाकडं, असं बाईंनी म्हटलं तर काय सांगणार? मला कुणाची समजूत नकोय गं. मला कळायला हवं, वीण सरळ आहे की नाही."

दादाने हातातला पाचवा पुठ्ठा खाली ठेवला. धाकटी स्टुलावर बसली. बाबांचं म्हणणं अगदी बरोबर होतं, आणि त्यामुळेच तिला त्यांचा राग आला. वर्गात सरांनी असाच प्रश्न विचारला असता तर तिने वहीत लिहून घेतला असता.

ती पुन्हा लॅपटॉपकडे वळली आणि जुने चोवीस फोटो एकामागून एक सरकवू लागली. आठ. आठ. आठ. पट्टे कॅमेऱ्याच्या जाळीने आणि बाबांच्या जाळीने मिळून केलेले. कॅमेऱ्याची जाळी चोवीस वेळा तीच, कारखान्यात छापलेली, जागची न हललेली. बदलत होती ती फक्त बाबांची जाळी. आणि तरी पट्टे आठच.

ती फोटो सरकवायची थांबली.

"बाबा, आठ का?"

"काय आठ का?"

"सात का नाही? दादा, पोलादी पट्टी आण. लवकर!"

चारही पुठ्ठे काढून कॅमेरा जुन्या जागी बसवला. पोलादी मोजपट्टी चाळणीच्या जाळीवर आडवी ठेवली आणि फोटो काढला. लॅपटॉपवर चित्र मोठं करून धाकटीने शून्याच्या रेघेपासून दोनशे मिलिमीटरच्या रेघेपर्यंत पिक्सेल मोजले.

"तीन हजार दोनशे सोळा. लाल कप्पे त्याच्या निम्मे. सोळाशे आठ." ती आता भराभर बोलत होती. "बाबा, दोनशे मिलिमीटरमध्ये उभ्या तारा किती असायला हव्यात?"

"मिलिमीटरला आठ. सोळाशे."

"सोळाशे आठ वजा सोळाशे?"

"आठ," आत्या म्हणाली, आणि मग तिचेही डोळे मोठे झाले. "अगं बाई."

"पट्टे म्हणजे वजाबाकी आहे! कॅमेऱ्याचे कप्पे वजा आपल्या तारा! कप्प्यांपेक्षा तारा एकाने मागे पडल्या की एक पट्टा उमटतो. एक तार कमी पडली तर नऊ पट्टे येतील. एक जास्त झाली तर सात."

"थांब," दादा म्हणाला. "सोळाशे सोळा तारा असत्या तरी फरक आठच आला असता."

"वा रे दादा! पण कॅमेरा वर नेला की चित्र लहान होतं, चाळणी कमी कप्प्यांत मावते. तेव्हा पट्टे कमी झाले की वाढले?"

"कमी झाले. शून्यावर आले."

"म्हणजे कप्पे जास्त होते, ते उतरत उतरत तारांइतके झाले. तारा जास्त असत्या तर पट्टे वाढतच गेले असते. सोळाशेच!" ती बाबांकडे वळली. "बाई म्हणाल्या, चोवीसही फोटोंत एकसारख्या लाटा, म्हणून दोष मागात. उलट आहे, बाबा! एकसारख्या आहेत म्हणूनच वीण सारखी आहे. तुमचा हात चोवीस चाळण्यांत एका तारेने जरी चुकला असता, तरी पट्ट्याने चुगली केली असती."

बाबा खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. बसताना खिशातली पक्कड टोचली म्हणून ती त्यांनी काढून टेबलावर ठेवली.

"तू सगळ्या मोजल्यास का?" त्यांनी विचारलं.

"तीन मोजल्या. बाकीच्या नुसत्या बघितल्या."

"मग मोज."

दादा फोटो उघडायचा, धाकटी उभे पट्टे मोजायची, आत्या आडवे. मान्य करायला हवं की आत्याचा वेग धाकटीपेक्षा जास्त होता. "आठ-आठ. पुढे. आठ-आठ. पुढे सरक रे, झोपलास का? आठ-आठ." बारा झाल्या. पंधरा झाल्या. प्रत्येक आठला दादा टेबलावर एक थाप मारत होता, आणि चाळण्या कड्यांसकट किणकिणत होत्या. अठरावी, आठ-आठ.

एकोणिसावीला धाकटी म्हणाली, "आठ." आत्या पडद्याजवळ सरकली.

"आत्या?"

"पुन्हा मोजते."

तिने बोट पडद्यावर टेकवून मोजले. मग धाकटीने मोजले. आडवे पट्टे नऊ होते. वरचे सगळे ऐसपैस, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. खाली कडेशी मात्र दोन पट्टे दाटीवाटीने बसलेले.

दादाची थाप हवेतच राहिली. "जवळजवळ आठच आहेत," तो म्हणाला.

"नऊ आहेत," बाबा म्हणाले. त्यांनीही मोजले होते. "म्हणजे एक आडवी तार कमी."

"सोळाशेत एक, बाबा! काहीच नाही ते!"

"सोळाशेत पसरून कमी असती तर काही नाही. ती एकाच जागी कमी आहे. तिथं छिद्रं मोठी झाली असणार. बाईंच्या कागदावर मुभा किती आहे?"

"छिद्र पंचाहत्तर मायक्रॉनचं. सरासरीला वर चार किंवा खाली चार," दादा म्हणाला. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

"आणि इथं किती झालं असेल?"

धाकटीने पडद्यावर ती दाटीची जागा मोजली. जवळजवळ सहाशे पिक्सेल होती. ओठांतल्या ओठांत हिशोब केला, मग पुन्हा केला, कारण पहिल्या वेळी उत्साहात भागाकार उलटा झाला होता. "अर्धा मायक्रॉन. किंवा थोडं कमी. पण बाबा, हा पट्ट्यांवरून बांधलेला अंदाज आहे. सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसेल ते मी सांगू शकत नाही."

"छान. मग तेच बघू."

उरलेल्या पाच मोजल्या. आठ-आठ, पाचही. तेवढ्यात दार वाजलं.

तपासनीस बाई उंच, घाईतल्या, हातात सूक्ष्मदर्शकाची पेटी. आत येताच त्यांनी टेबल बघितलं. पुठ्ठ्याचे तुकडे, मोजपट्टी, सैल स्क्रू, कोपऱ्यात जाळीचे कातरलेले तुकडे, आणि चार माणसं एका लॅपटॉपभोवती, परीक्षेच्या निकालाची वाट बघत असल्यासारखी.

"काका, मला वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण लाटा मी स्वतः बघितल्या आहेत."

"मीही बघितल्या," बाबा म्हणाले. "त्या कशाच्या ते आमची धाकटी तुम्हाला सांगेल. ऐकल्याशिवाय ती तुम्हाला जाऊ देणार नाही, म्हणून आधीच सांगतो, बसून घ्या. पण त्याआधी मोजा. तुम्ही एरवी कुठली चाळणी मोजता?"

"कुठलीही एक. डोळे मिटून काढते."

"आज डोळे उघडे ठेवा. ही घ्या." त्यांनी एकोणिसावी चाळणी पुढे केली आणि कड्याजवळच्या जागेवर, जाळीला न शिवता, बोट धरलं. "माझी वीण चुकलीय ती इथं. मधे मोजू नका, इथंच मोजा."

"बाबा!" दादाच्या तोंडून निघालं.

बाईंनी भुवया उंचावल्या. माल देणारा माणूस स्वतः चुकीची जागा दाखवतोय, हे त्यांनी पहिल्यांदाच बघितलं असावं. त्यांनी पेटी उघडली, सूक्ष्मदर्शक दुधी काचेवर उभा केला, चाळणी खाली सरकवली आणि डोळा लावला. आत्याने पदराचं टोक मुठीत धरलं. धाकटी मनातल्या मनात भागाकार तिसऱ्यांदा करत होती.

"मी वीस छिद्रं मोजते," बाई डोळा न काढता म्हणाल्या. "दोन्ही दिशांनी."

त्या एकेक आकडा पुटपुटत होत्या आणि कागदावर टिपत होत्या. ऐकू येईल इतका मोठा एकही नाही. दादा मान लांब करून कागद बघायला गेला, आत्याने त्याला शर्ट धरून मागे ओढलं. बाईंनी बेरीज केली, वीसने भागलं, पुन्हा एकदा डोळा लावून तीन छिद्रं तपासली. मग कागद टेबलावर सरळ केला आणि वाचला.

"एकोणिसावी चाळणी, खालची कड. उभ्या तारांमधलं सरासरी अंतर पंचाहत्तर दशांश एक मायक्रॉन. आडव्या तारांमधलं, पंचाहत्तर दशांश चार. मुभा चारची आहे, काका; माल पास."